सिग्नलवरच एसी का रुसतो?

एप्रिल उजाडला की ज्यांच्या दारात चारचाकी उभी आहे त्यांच्याकडून एकच गाऱ्हाणे कानी येते, "एसी चालतो पण, आणि चालत नाही पण." वाचकहो, पूर्ण बंद पडलेला एसी एक वेळ परवडला. त्याचा दोष एका जागी ठाम बसलेला असतो, मिस्त्रीने दोन-चार तारा तपासल्या की सापडतो. पण सकाळी सातला अंगावर शाल घ्यावी इतका गार, दुपारी दोनला नुसता गरम हवेचा पंखा आणि सूर्य कलला की पुन्हा गार, असा लहरी एसी मालकाला, चालकाला आणि मिस्त्रीला, तिघांनाही चकवतो. गॅरेजच्या सावलीत नेऊन गाडी उभी केली की नेमका त्या वेळी उत्तम चालतो. मग मिस्त्री म्हणतो, "काका, गॅस थोडा कमी वाटतोय, मारून देतो." गॅस मारला जातो, पैसे दिले जातात आणि पुढच्या आठवड्यात त्याच चौकात तोच घाम.

कामकरी माणसांच्या पानावर एसीची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. आमच्या वाचकांत हौसेखातर गाडी ठेवणारे बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्यांची गाडी ही पोटाची गाडी आहे. कोणी टॅक्सी चालवतो, कोणी मोबाइलवर येणारी भाडी मारतो, कोणाची शाळेची व्हॅन आहे, कोणी कारखान्याच्या पाळीची माणसे ने-आण करतो. आणि दर महिन्याला डोक्यावर हप्ता. मुंबईत प्रीमियर पद्मिनी टॅक्सी होती तोवर काचा खाली करणे हाच एसी होता. ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. आता प्रवासी दार उघडतानाच विचारतो, "एसी चालू आहे ना?" गार नसेल तर भाडे रद्द, नाही तर उतरताना मोबाइलवर तारे कमी. उलट एसी लावला की इंधन जास्त जळते. तो खर्च भाड्यातून निघत नाही म्हणून एप्रिल २०२४ मध्ये हैदराबादच्या ॲपवरच्या चालकांनी 'नो एसी' मोहीमच काढली होती. म्हणजे चालला तर इंधन खातो, न चालला तर भाडे खातो. अशा स्थितीत दुरुस्तीवर जाणारा रुपया तरी योग्य जागी जावा, एवढ्यासाठी हा लेख.

आधी हे यंत्र करते काय, ते थोडक्यात पाहू. एसी गारवा तयार करीत नाही. तो गाडीच्या आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. माठातले पाणी गार का होते? माठाच्या अंगातून झिरपलेले पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते म्हणून. एसीतही तेच. डॅशबोर्डच्या मागे कूलिंग कॉइल असते, तिच्यात गॅसचे द्रव रूप उकळते आणि आतल्या हवेची उष्णता शोषून घेते. फरक एवढाच की माठातली वाफ हवेत जाते, येथे ती वाया जाऊ द्यायची नसते. म्हणून इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर ती वाफ ओढून घेतो, दाबतो आणि गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये ढकलतो. तेथे पंख्याची व धावत्या गाडीची हवा लागून ती थंडावते, पुन्हा द्रव होते, ड्रायर बॉटलमधून गाळली जाते आणि एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून पुन्हा कॉइलमध्ये येते. हे चक्र बंदिस्त आहे. यातले काहीही 'संपत' नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे फार कामाला येणार आहे.

लहरी एसीचा दोष तो कधी थांबतो यावरून ओळखायचा असतो. म्हणून गॅरेजला जाण्याआधी तीन-चार दिवस एक वही गाडीत ठेवावी. एसी कितीला लावला, किती वेळाने गार लागला, कुठे गेला, तेव्हा गाडी पळत होती की उभी होती, पंख्याचा वारा तेवढाच होता की कमी झाला, इंजिनचा उष्णतेचा काटा कुठे होता, आणि परत गार कधी झाला. घरात नववी-दहावीतली मुलगी किंवा मुलगा असेल तर त्याला सुटीच्या दिवशी शेजारी बसवून हे लिहायला लावावे. प्रयोगशाळेत असतो तसला साधा थर्मामीटर डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत अडकवावा. तापाचा थर्मामीटर नव्हे, तो या कामाचा नाही, त्याचे आकडे पस्तीसच्या आसपास सुरू होतात. बाहेर चाळीसच्या वर ऊन असताना, आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबलेले असताना, जाळीतून १० ते १२ अंशांची हवा येत असेल तर एसी ठीक आहे असे समजावे. शून्य-दोन अंशांची अपेक्षा धरू नये, आणि गार वाटणे-न वाटणे यावर निवाडा करू नये. उन्हात भाजलेल्या गाडीत चांगला एसीही पहिली दहा मिनिटे वाईटच वाटतो.

आता सर्वांत जास्त आढळणारी तऱ्हा. हमरस्त्यावर गाडी पळते तोवर गार, आणि चौकात, टोलनाक्यावर, रेल्वे फाटकाशी उभी राहिली की गरम. पुन्हा वेग घेतला की दोन मिनिटांत गार. अशा वेळी गॅसचे नाव घेण्याआधी कंडेन्सरकडे आणि त्याच्या पंख्याकडे पाहावे. गाडी पळताना वारा आपोआप कंडेन्सरमधून जातो. उभ्या गाडीला तो फक्त पंख्याकडून मिळतो. त्यात इंजिन मंद फिरत असते म्हणजे कॉम्प्रेसरही मंद, खालून डांबर तापलेले, आणि बॉनेटमधली गरम हवा वळून पुन्हा समोरूनच आत शिरते. उष्णता बाहेर टाकायची जागाच तुंबली तर आतली उष्णता जाणार कुठे? दाब वाढत जातो, प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो, आणि आपण म्हणतो एसी रुसला.

तपासणी सोपी आहे. सावलीत, मोकळ्या जागी गाडी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, बॉनेट उघडावे, इंजिन व एसी चालू ठेवावा आणि दूर उभे राहून पंख्याकडे पाहावे. बहुतेक गाड्यांत एसी लावला की पंखा लगेच किंवा थोड्या वेळात सुरू होतो. काही गाड्यांत तो थांबून थांबून चालतो, म्हणून निदान पाच मिनिटे पाहावे. सुरूच झाला नाही तर फ्यूज, रिले, नाही तर पंख्याची मोटर. ही कामे कॉम्प्रेसरच्या मानाने फारच स्वस्त आहेत. मोटरचे कार्बन झिजले असतील तर थंड असताना पंखा फिरतो आणि तापला की मंदावतो, म्हणूनच दोष फक्त दुपारी दिसतो. पंखा फिरतो आहे पण जोर नाही, अशी शंका आली तर समोरच्या जाळीवर वहीचा एक कागद धरावा. तो आत ओढला जाऊन चिकटला पाहिजे. कागद बाहेर ढकलला जात असेल तर कधीतरी मोटर बदलताना तारा उलट लागल्या आहेत आणि पंखा वारा आत घेण्याऐवजी बाहेर फेकतो आहे. ऐकायला हास्यास्पद वाटेल, पण दुरुस्ती झालेल्या जुन्या गाड्यांत हे घडते.

येथे एक ताकीद. चालू इंजिनजवळ जाताना ओढणी, पदर, गळ्यातला रुमाल, लांब बाही काहीही लोंबते ठेवू नये, आणि मुलांना बॉनेटपाशी उभे करू नये. पट्टा बोट तोडतो. इंजिन बंद केल्यावरही पंखा आपला आपण सुरू होऊ शकतो.

पंखा ठीक असेल तर मग कंडेन्सरच्या जाळीत काय अडकले आहे ते पाहावे. विदर्भ-मराठवाड्याच्या रस्त्यांवर धूळ, कापसाचा तूस, किडे. कोकण-मुंबईकडे चिखल आणि खारी हवा, जिने जाळीची पातळ पाती हळूहळू खाऊन टाकलेली असतात. बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या कंडेन्सरच्या आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत गोधडी बसावी तसा थर असतो. बागेच्या नळीने हलक्या धारेने धुवावे. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने पाती वाकतात आणि हवा जायची वाट कायमची बंद होते. मधला थर निघत नसेल तर मिस्त्रीकडून मोकळा करून घ्यावा. धुताना आणखी एक परीक्षा होते. एसी चालू, गाडी उभी, जाळीत थर्मामीटर, आणि कंडेन्सरवर पाण्याची हलकी धार. पाणी पडताच आतली हवा झपाट्याने गार झाली तर गॅसला दोष देऊ नये. हवा लागत नाही हाच रोग. ही परीक्षा बघायला मिस्त्रीला बोलवावे, म्हणजे वाद राहत नाही.

सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांविषयी एक शब्द. उभ्या गाडीचे इंजिन फार मंद फिरत असेल, धडधडत असेल, तर कॉम्प्रेसरलाही जोर मिळत नाही आणि काही गाड्या इंजिन बंद पडू नये म्हणून एसी आपणच तोडतात. अशा गाडीत आधी इंजिनची ट्यूनिंग, मग एसी.

दुसरी तऱ्हा निराळी आहे, आणि आमच्या मते लोकांचे सर्वांत जास्त पैसे हीच खाते. तास-दीड तास छान गार, मग एकदम गरम, पण वारा तेवढाच येतो आहे. गाडी पळत असो की उभी असो, फरक नाही. अर्धा तास थांबून चहा घेतला की पुन्हा गार. येथे कॉम्प्रेसरच्या मॅग्नेट क्लचवर संशय घ्यावा. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी एक चकती असते. एसी लावला की विजेच्या चुंबकाने ती पुलीला चिकटते, आपल्याला 'टक' असा आवाज ऐकू येतो, आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. वर्षानुवर्षे चिकटून-सुटून चकती झिजते आणि फट वाढते. चुंबकाची तांब्याची गुंडाळी तापली की तिचा विरोध वाढतो आणि चुंबक दुबळा होतो. थंड असताना तो वाढलेली फट ओलांडून चकती ओढतो, तापला की ओढू शकत नाही. म्हणून दोष तासाभराने येतो आणि चहा पिऊन होईपर्यंत जातो. बऱ्याच क्लचमध्ये ही फट बारीक चकत्या काढून कमी करता येते, किंवा नुसता क्लच बदलता येतो. पण "कॉम्प्रेसर गेला" असे सांगून सगळाच कॉम्प्रेसर बदलला जातो, आणि हजारांचे बिल होते. तेव्हा एसी गरम झालेल्या क्षणीच गाडी बाजूला घ्यावी, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडावे आणि दूरून पाहावे की पुलीच्या तोंडाची चकती फिरते की नुसती पुली फिरते. पुली फिरते, चकती स्थिर, हे दिसले की मोबाइलवर त्याचे चित्रण करून ठेवावे. गॅरेजमध्ये दोष दिसला नाही तरी चित्रण दाखवता येते. मिस्त्रीने मग त्याच अवस्थेत क्लचच्या तारेला वीज पोहोचते का ते पाहावे. वीज पोहोचते आणि चकती ओढली जात नाही, तर दोष क्लचचा. वीजच येत नसेल तर रिले, प्रेशर स्विच, तार, नाही तर इंजिन तापल्यामुळे गाडीच्या संगणकाने एसी तोडलेला असणे. उष्णतेचा काटा चढलेला असेल तर एसी विसरा, आधी रेडिएटर पाहा, आणि गरम इंजिनवर रेडिएटरचे झाकण उघडू नका. काही नव्या गाड्यांत हा क्लच नसतोच, कॉम्प्रेसर सदैव फिरत राहून आपला जोर कमी-जास्त करतो. त्यांत 'टक' ऐकू येणार नाही. त्यांची तपासणी यंत्र लावूनच होते.

तिसऱ्या तऱ्हेत वारा हळूहळू कमी होत जातो. पंखा चारवर आहे, आवाज पूर्ण आहे, पण जाळीतून फुंकर आल्यासारखी हवा. एसी बंद करून पंखा तसाच चालू ठेवला की दहा मिनिटांत गाडीखाली पाण्याचे थारोळे आणि वारा पूर्ववत. म्हणजे कॉइलवर बर्फ जमला होता. जुन्या फ्रिजच्या बर्फाच्या खणात जसा थर चढत असे, तसाच. मुंबई, ठाणे, रत्नागिरीच्या दमट हवेत हे जास्त. कारणे दोन-तीन: केबिन फिल्टर धुळीने गच्च झालेला, कॉइल मळलेली, गॅस थोडा कमी, किंवा कॉइलची उष्णता मोजून वेळेवर कॉम्प्रेसर थांबवणारा सेन्सर चुकीचे सांगणारा. सेन्सर म्हणजे शेवटी यंत्राचा डोळा. तो चुकू शकतो. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली, नंतर हवामान खात्याने यंत्रात बिघाड असल्याचे सांगितले. तेथे होते तर गाडीत का होणार नाही? मात्र आधी फिल्टर पाहावा. बहुतेक गाड्यांत तो डाव्या बाजूच्या खणामागे असतो, घरच्या घरी काढता येतो. तो काढून फिरून पाहावे. वारा वाढला तर नवा टाकावा.

याच ओघात सांगतो, गाडीखाली पाणी ठिबकणे हे चांगले लक्षण आहे. आणि मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे ते कमी ठिबकले तरी घाबरू नये, तेथली हवाच कोरडी असते. पाणी बाहेर न पडता पुढच्या डाव्या सीटखालची चटई ओली होत असेल तर निचऱ्याची नळी तुंबली आहे, एवढेच.

बाकीच्या तऱ्हा झटपट. गरम-गारचे बटण पूर्ण निळ्यावर असूनही एका बाजूने गार व दुसऱ्या बाजूने कोमट हवा येते, तर आतली फडकी अडकली आहे किंवा गॅस कमी आहे. जुन्या गाडीत हीटरच्या पाण्याचा कॉक नीट बंद होत नसेल तर एसी आणि हीटर एकमेकांशी भांडत बसतात. सुरू होताच गार, थोड्या वेळाने गरम, थोडे थांबले की गार, आणि बाकी सारे ठीक, तर आत ओलावा शिरून व्हॉल्व्हच्या भोकात गोठत असण्याचा संभव आहे. ड्रायर बॉटल बदलून, सगळी हवा ओढून घेऊन मगच गॅस भरावा लागतो.

आता गॅसकडे वळू. हे चक्र बंदिस्त आहे, हे वर सांगितलेच. पेट्रोल संपते तसा एसीचा गॅस संपत नाही. रबरी नळ्यांतून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षानुवर्षे थोडासा जातो हे खरे, पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस म्हणजे फुटक्या माठात ओतलेले पाणी. गळतीच्या जागी सहसा तेलकट डाग दिसतो, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही बाहेर येते. साबणाचा फेस लावून, नायट्रोजनचा दाब देऊन किंवा चमकणारा रंग सोडून जागा शोधतात. "लीक दाखवा, मग गॅस भरा," एवढे वाक्य प्रत्येकाने पाठ करावे.

मीटरच्या काट्याबद्दलही सांगितले पाहिजे. काही ठिकाणी इंजिन बंद असताना मीटर लावून काटा दाखवतात, "बघा, गॅस भरपूर आहे," किंवा "बघा, कमी आहे." याचा अर्थ फारसा नाही. घरातला सिलिंडर आठवा. तो भरलेला असो की पाव उरलेला, शेगडीची ज्योत सारखीच. आत थोडा जरी द्रव असला तरी दाब तेवढाच राहतो, तो फक्त उष्णतेप्रमाणे बदलतो. म्हणून सिलिंडर किती उरला हे आपण उचलून बघतो. एसीचेही तसेच आहे. आर-१३४ए या गॅसचा दाब ४० अंशांच्या दुपारी, गाडी नुसती उभी असताना सुमारे १३० पौंड असतो, मग आत २०० ग्रॅम असो की ४००. खरा हिशेब वजनाचा. गॅस किती ग्रॅम लागतो हे बॉनेटखालच्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. लहान गाड्यांत तो बहुधा अर्ध्या किलोच्या आतबाहेर असतो. जुना गॅस काढून घ्यावा, अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा व ओल ओढून घ्यावी, पंप बंद करून काटा टिकतो का पाहावे, आणि मग काट्यावर तोलून गॅस भरावा. अंदाजाने जास्त भरला तर उन्हात दाब आणखी चढतो आणि सिग्नलवर एसी तुटतो. म्हणजे गॅस भरूनच नवा रोग विकत घेतला. "थोडा जास्तच मारा, उन्हाळा आहे," असे सांगणारे गिऱ्हाईकही असतात. तसे सांगू नये.

गॅस कोणता भरला तेही विचारावे. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ओझोनचा थर खाणारा जुना आर-१२ गाड्यांतून गेला आणि आर-१३४ए आला. काही नव्या गाड्यांत त्याहून वेगळा गॅस असतो. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. भेसळीचा गॅस स्वस्त मिळतो, पण त्यात काय असेल सांगता येत नाही. २०११ साली जहाजी शीतकंटेनरांत भेसळीच्या गॅसमुळे स्फोट होऊन कामगार दगावले होते. स्वयंपाकाच्या गॅससारखा पेट घेणारा वायू गाडीच्या एसीत भरू देऊ नये, तो गळला तर बंद गाडीत साचतो. आणि घरी कोणीही एसीच्या नळीचा नट ढिला करून पाहू नये. फसफसून बाहेर येणारा द्रव कातडी गोठवतो, डोळ्यात गेला तर दृष्टी जाते. गळती शोधायला काडी किंवा लायटर तर मुळीच नको; ज्योतीवर या गॅसपासून विषारी धूर होतो. शिवाय हवेत सोडलेला एक किलो आर-१३४ए पृथ्वीला तापवण्याच्या कामी शंभर वर्षांत १३०० किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतका भारी पडतो. दर उन्हाळ्याला तो उडवायचा आणि मग उन्हाळा वाढला म्हणायचे!

हे सारे लिहिताना गॅरेजवाल्यांना चोर ठरवण्याचा आमचा हेतू नाही. आमच्याच वाचकांपैकी कित्येकांचे हात त्या ग्रीसने काळे आहेत. बऱ्याच मिस्त्रींना गिऱ्हाईकच घाई करते, "पटकन गॅस मारा, भाडे आहे." व्हॅक्यूमला पाऊण तास द्यायला कोणी तयार नसतो. आणि एक गोष्ट आमच्या तरुण वाचकांनी ध्यानात घ्यावी: गॅसची बाजू जाणणारे पुष्कळ आहेत, विजेची बाजू जाणणारेही आहेत, पण दोन्ही जाणणारे थोडे. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा आणि रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा, असे दोन्ही अभ्यासक्रम आहेत. लहरी एसीचा दोष वायरिंगचा नकाशा वाचून सांगणाऱ्या मुलाला किंवा मुलीला उन्हाळ्यात काम शोधत फिरावे लागणार नाही.

गाडी दुरुस्त होईपर्यंत आणि नंतरही काही गोष्टी पाळण्यासारख्या आहेत. गाडी उन्हात उभी होती तर बसताक्षणी एसी लावून काचा चढवू नयेत. चारही दारे उघडावीत, मिनिटभर गाडी उघड्या काचांनी पळवावी, भट्टीची हवा जाऊ द्यावी, मग काचा चढवून आतली हवा फिरवण्याचे बटण दाबावे. लांबच्या प्रवासात पाच माणसे असतील तर अधूनमधून बाहेरची हवा आत घ्यावी, नाही तर चालकाला पेंग येते. समोरच्या काचेला आतून पुठ्ठा लावणे हा फुकटचा उपाय, पण एसीचे अर्धे काम तो करतो.

आणि पोरांना गाडीत ठेवून "दोन मिनिटांत आलो" म्हणून जाऊ नये. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हात उभ्या गाडीचे आतले तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढले, त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली, आणि काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडला नाही. आपल्याकडे बाहेरच ४४ अंश असतात, तेथून मोजावे. "एसी लावून ठेवलाय" हा तर जास्तच घातकी दिलासा, कारण जो एसी लहरी आहे तो नेमका तेव्हा तुटेल आणि लेकरू काच खाली करू शकणार नाही. तसेच दोन भाड्यांच्या मधे काचा चढवून, इंजिन व एसी चालू ठेवून झोपणाऱ्या चालक बंधूंनी ती सवय सोडावी. धुराड्यात कुठे भोक असेल, गाडी भिंतीला लागून किंवा बंद जागेत असेल, तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेल्याला कळत नाही. झाडाखाली, काचा उघड्या, इंजिन बंद, अशी झोप घ्यावी. घरच्यांनीही "एसी लावून पड जरा" असे फोनवर सांगू नये.

राहता राहिले बिल. बिलावर कोणता गॅस, किती ग्रॅम, कोणता भाग बदलला आणि त्याची हमी किती, हे लिहून घ्यावे, काढलेला जुना भाग मागून घ्यावा. आणि गाडी संध्याकाळच्या गारव्यात ताब्यात घेऊ नये. दुपारी दोनला जावे, मिस्त्रीला शेजारी बसवावे, जाळीत थर्मामीटर अडकवावा, ज्या चौकात एसी रुसत होता तेथवर तास-अर्धा तास फेरफटका मारावा, मग रस्त्याच्या कडेला इंजिन चालू ठेवून दहा मिनिटे उभे राहावे. काटा १२ च्या आसपास टिकला की पैसे मोजावेत.